मागाहून सुख



थंडीचे दिवस आले की उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये सहलींचे बेत ठरू लागतात. तीर्थयात्रा बहुतेकांच्या झालेल्या असतात, लांबचा प्रवास गुडघ्यांना मानवत नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असल्याने हिवाळ्यातील दिवस आणखीच लहान वाटतो. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे एखादे ठिकाण सुचवा, अशी विचारणा या सदराच्या वाचकांकडून मधूनमधून होत असते. म्हणून या महिन्यात अशाच एका दिवसाच्या सहलीविषयी लिहितो आहे. गाव नवे नाही, पुणेच आहे. मात्र तेथील दोन जागा एकाच दिवशी, एकीपाठोपाठ एक अशा पाहाव्यात, अशी माझी शिफारस आहे. पहिली जागा सिंहगड रस्त्यावरील जपानी धाटणीचे उद्यान. दुसरी खडकी छावणीतील युद्ध-दफनभूमी, जिला तेथील लोक ‘वॉर सेमेटरी’ म्हणतात.

या दोन जागांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या मंडळींनाही पडला होता. आम्ही मुलुंड आणि घाटकोपरचे मिळून अकरा जण होतो. बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. कोणी कापडाच्या पेढीवरून निवृत्त झालेले, कोणी अजूनही सकाळी दोन तास दुकानात बसून येणारे. पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावरून लहान बस निघाली. नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्यांचा नाश्ता पुण्याच्या वेशीवर झाला. मेथीचे थेपले, खाखरे आणि मूग असा नेहमीचा शिधा बरोबर होताच. उद्यान सकाळी आणि संध्याकाळी उघडे असते, दुपारी बंद राहते. म्हणून आधी उद्यान आणि मग खडकी असा क्रम ठरवला. वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

या उद्यानाला नाव पु. ल. देशपांडे यांचे आहे. अंधेरी-जोगेश्वरीकडील वाचकांना ठाऊक असेल की पु. लं.चे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि नंतर पार्ल्यात गेले. जपान आणि पूर्वेकडील देशांच्या प्रवासावर त्यांनी ‘पूर्वरंग’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा जपानी धर्तीच्या उद्यानाला त्यांचे नाव शोभूनच दिसते. सुमारे १० एकरांच्या या जागेचे दुसरे नाव ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’. जपानमधील ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांपूर्वीची बाग आहे. जपानमधील तीन सर्वश्रेष्ठ बागांत तिची गणना होते. पुण्याचे उद्यान तिच्यावरून बेतलेले आहे.

आपल्याकडच्या बागेत फुलांचे ताटवे, कारंजी आणि मुलांचे झोपाळे असतात. येथे तसे काही नाही. चढउताराची हिरवळ, तिच्यातून वळणे घेत जाणारा कालव्याच्या पाण्याचा ओहोळ, लहान लाकडी पूल, तळ्यातील रंगीत मासे आणि विचारपूर्वक ठेवलेले दगड, एवढाच पसारा. हिरवळीवर पाय ठेवू नये, खाद्यपदार्थ नेऊ नयेत, असे नियम आहेत. आमच्यातील एक भगिनी सुरुवातीला म्हणाल्या, “साहेब, इथे बघायचं तरी काय?” अर्ध्या तासाने त्याच सर्वांच्या मागे राहिल्या होत्या. अशा बागेत एका जागी उभे राहून सर्व काही दिसत नाही. वाट वळते तसे दृश्य बदलते. आधी झाडाआड असलेले पाणी चार पावलांनंतर समोर येते. मोठेपण एकदम न दाखवता थोडेथोडे दाखवत जाणे, ही जपानी बागेची रीत आहे.

मूळ कोराकुएन बाग ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने १६८७ साली करावयास घेतली आणि १७०० साली ती पूर्ण झाली. म्हणजे महाराष्ट्रात राजाराम महाराजांचा काळ सरत होता, त्या वर्षी. असाही नदीच्या पात्रातील बेटावर ती वसली आहे आणि नदीपलीकडचा किल्ला जणू बागेचाच भाग आहे असा दिसावा, अशी तिची रचना आहे. मला सर्वांत विशेष वाटते ते पुढेच. या सरदारी बागेत भाताची खाचरे आणि चहाचा मळाही आहे. फुरसतीच्या जागी बसलेल्या धन्याला शेतकऱ्याचे कष्ट डोळ्यांआड करता येऊ नयेत, इतका अर्थ तर त्यातून सहज निघतो.

‘कोराकुएन’ हे नाव १८७१ साली मिळाले. त्याचा शब्दशः अर्थ ‘मागाहून सुख घेण्याची बाग’. अकराव्या शतकातील चिनी मुत्सद्दी फान चोंगयान याच्या एका वचनातून तो आला आहे. राज्यकर्त्याने प्रजेच्या आधी चिंता वाहावी आणि प्रजेच्या नंतर सुख घ्यावे, असा त्या वचनाचा आशय. नाव मिळाल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८८४ साली, ही बाग सरदार घराण्याकडून प्रांताच्या ताब्यात गेली आणि सर्वसामान्यांसाठी खुली झाली. एका घराण्याचे सुख सर्वांचे झाले. नावातील आशय तेव्हा व्यवहारात उतरला, असे म्हणता येईल.

हा अर्थ मी तळ्याकाठी मंडळींना सांगितला, तेव्हा घाटकोपरचे माझे धान्यव्यापारी स्नेही म्हणाले, “आमच्या घरात हे बाईमाणसांनी पाळलं. सगळ्यांची पानं झाल्यावर आई बसायची.” त्यावर कोणी काही बोलले नाही. वचन राज्यकर्त्यांसाठी होते, ते पाळणारे मात्र स्वयंपाकघरात निघाले. हे वाक्य दिवसभर माझ्या मनात राहिले.

आज छायाचित्रांत दिसणारी कोराकुएन शांत आणि अखंड वाटते. तिचा इतिहास तसा नाही. १९३४ साली पुराने तिची मोठी हानी केली. त्यानंतर युद्ध आले. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. १,७०० हून अधिक माणसे मृत्यू पावली, शहराचा मोठा भाग जळाला. नदीपलीकडचा किल्ला भस्मसात झाला आणि बागेतील बहुतेक इमारतीही गेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांत ‘र्‍युतेन’ नावाचा विसावा आहे. या इमारतीच्या मधूनच ओहोळ वाहतो.

युद्ध संपल्यावर लोकांनी बाग पुन्हा उभी केली. हे शक्य झाले ते जुन्या कागदांमुळे. सरदारांच्या काळातील चित्रे आणि आराखडे जपून ठेवलेले होते. कोणते झाड कुठे होते, वाट कुठे वळत होती, हे त्यांवरून कळले आणि १९६० च्या दशकापर्यंत एकेक वास्तू पूर्ववत झाली. किल्ल्याची इमारत १९६६ साली पुन्हा बांधली गेली. आपण व्यापारी माणसे. दुकान जळाले तरी खातेवही वाचली तर धंदा पुन्हा उभा राहतो, हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही.

त्या बागेची आणखी एक हकिगत सांगण्याजोगी आहे. तेथे पूर्वापार क्रौंचकुळातील तांबड्या माथ्याचे पक्षी पाळले जात. युद्धाच्या धामधुमीनंतर त्यांतला एकही उरला नाही. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी विद्वान क्वो मोरो यांनी १९५६ साली चीनमधून असे दोन पक्षी बागेला भेट पाठवले. जपानच्या आक्रमणाने चीनने किती भोगले, हे जगाला ठाऊक आहे. युद्ध संपून पुरती बारा वर्षेही झाली नव्हती आणि ज्याच्या देशाला सर्वाधिक सोसावे लागले, त्याच्याकडून ही भेट आली. वैराचे खाते कोणीतरी एकतर्फी बंद करावे लागते. दोन्ही बाजूंचा ताळमेळ बसेपर्यंत थांबले तर ते कधीच बंद होत नाही.

जपान आपल्या व्यापारी घरांनाही परका नाही. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने एका जपानी कंपनीबरोबर मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. त्यापूर्वी ब्रिटिश जहाजकंपन्यांच्या मनमानी भाड्यामुळे आपला कापूस आणि सूत तिकडे पाठवणे महाग पडत असे. खानदेश-वऱ्हाडातील कापूस काळबादेवीमार्गे त्या दिशेला जाऊ लागला. पुढे मोत्यांच्या व्यापारात आपली अनेक घरे कोबेला स्थिरावली आणि १९८५ साली तेथील कितानो भागात महावीर स्वामींचे मंदिर उभे राहिले. ते कोबे शहरही १९४५ च्या हवाई हल्ल्यांत होरपळले होते. ओकायामा त्याच्या पश्चिमेला, आगगाडीच्या त्याच मार्गावर आहे. म्हणून या बागेची गोष्ट दूरदेशीची असली तरी आपल्या पेढ्यांपासून फारशी लांब नाही.

साडेदहाच्या सुमारास आम्ही खडकीकडे निघालो, तेव्हा बसमध्ये कुरबुर सुरू झाली. “सहलीला निघायचं आणि थडग्यांत जायचं, हे काय?” एक जण म्हणाले. दुसऱ्यांचा आक्षेप वेगळा होता. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या सैनिकांच्या कबरी आपण का पाहाव्यात? दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. मी एवढेच म्हटले की ज्यांना बसमध्ये थांबायचे आहे त्यांनी थांबावे, बाकीच्यांनी अर्धा तास चक्कर मारून यावे. शेवटी बसमध्ये फक्त चालक राहिला.

ही दफनभूमी पाहताना पहिल्यांदा जाणवते ती बाग. हिरवळ कातरलेली, ओळी सरळ, प्रत्येक ओळीत फुलझाडे. स्मशान म्हटले की जे डोळ्यांपुढे येते त्याचा येथे मागमूस नाही. येथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक विसावले आहेत. खडकीला काही लढाई झाली नव्हती. पश्चिम आणि मध्य भारतातील निरनिराळ्या गावी ज्यांच्या कबरी कायम जपल्या जातील अशी खात्री नव्हती, त्यांना एकत्र आणून ही जागा केली गेली. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे येथील स्मारकावर आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे आणले गेले. म्हणजे ते आपल्या शहराचेच जुने रहिवासी.

आम्ही ओळींमधून चालत दगडांवरची वये वाचत गेलो. विशीतील, बाविशीतील मुले. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्या वयाचा नातू किंवा नात आहे. कोणी सीए करते आहे, कोणी परदेशी जाण्याच्या खटपटीत आहे. बसमधील पहिला आक्षेप कोणी पुन्हा काढला नाही.

दुसरा आक्षेप मात्र तसाच सोडता येत नाही. या युद्धात आपली माणसे किती होती? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सेनेत २५ लाखांहून अधिक सैनिक होते आणि सुमारे ८७,००० मृत्यू पावले. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी लढताना पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच गोळीबारात जखमी सोबत्यांना सुरक्षित आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांच्या कबरी नाहीत. त्यांची नावे स्मारकांवर असतात. कोहिमाच्या दफनभूमीत १,४२० कबरी आहेत आणि वेगळ्या दहन-स्मारकावर ९१७ भारतीय सैनिकांची नावे आहेत. तेथे समोरच्या बाजूला जपानी होते. त्या सेनेत ओकायामाच्या वयाने तेवढ्याच मुलांसारखी मुले असणारच.

१९४४ च्या एप्रिलमध्ये कोहिमाची लढाई चालू असताना मुंबईतही एक घटना घडली. १४ एप्रिल रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जपानी आले, असेच अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो अपघात होता. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात भरण्याचे ते फळ होते. शेकडो माणसे गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले आणि गोदीलगतच्या वखारींतील हजारो टन धान्य जळाले. त्याच सुमारास बंगाल उपाशी होता. आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळतो तो अग्निशमन सेवा सप्ताह याच जवानांच्या स्मरणार्थ आहे.

घाटकोपरचे ते स्नेही दफनभूमीच्या कडेला बाकावर बसले होते. त्यांच्या आजोबांची वखार गोदीजवळ होती. ती त्या संध्याकाळी गेली. विमापत्रांत युद्धजन्य स्फोटाचा धोका धरलेला नसल्याने व्यापारी हवालदिल झाले होते. पुढे सरकारने खास वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी घेतली. “पैसे मिळाले,” ते म्हणाले, “पण आजोबांचा एक हमाल त्या दिवशी वखारीत होता. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही. आजोबांना माहीत होतं. त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.” समोर परदेशातील एका खेडेगावच्या मुलाचे नाव, हुद्दा, तारीख आणि वय दगडावर कोरलेले होते.

ही नावे कोणी आणि कशी जपली, हे पाहण्यासारखे आहे. फेबियन वेअर नावाचे गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या वेळी पंचेचाळीस वर्षांचे होते. सैन्यात भरती होण्याचे वय उलटलेले, म्हणून ते रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात गेले. तेथे मृतांची नोंद कोणीच ठेवत नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ती ठेवण्यास आरंभ केला. त्यातूनच १९१७ साली आजच्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची स्थापना झाली. या आयोगाने दोन नियम केले. एक, हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून समाधीत भेद नसेल. श्रीमंत घराण्यांना आपल्या मुलासाठी वेगळी, मोठी समाधी बांधता येणार नाही, की त्याचा देह मायदेशी नेता येणार नाही. त्यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला, पण नियम टिकला. दुसरा नियम निगराणीचा. ती कायमची असेल आणि सदस्य देशांची सरकारे आपापल्या समाधींच्या प्रमाणात दरवर्षी खर्च उचलतील. त्या सहा सदस्यांत भारतही आहे. आज हा आयोग १५० हून अधिक देशांत सुमारे १७ लाख नावे जपतो.

पहिला नियम सर्वत्र पाळला गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून मान्य केले की पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांचे स्मरण युरोपियनांच्या बरोबरीने केले गेले नाही आणि किमान १,१६,००० जणांची नावेही कोरली गेली नाहीत. त्याबद्दल आयोगाने क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, जुन्या वहीतील चूक उघड करून नोंद दुरुस्त केली, हे मला मोलाचे वाटते. बँकेत चौतीस वर्षे काढली. तेवढ्या काळात जुनी चूक झाकण्यासाठी नवी नोंद करण्याचे प्रकार मी अधिक पाहिले.

तेथे एक माळी हिरवळीची कड कातरत होते. मी विचारले, “दादा, हे रोज करावं लागतं?” ते म्हणाले, “पावसाळ्यात तर रोजच. एक टोक संपेतो दुसरं वाढलेलं असतं.” कोराकुएनमध्येही असेच कोणीतरी असेल, पुण्याच्या उद्यानात तर आम्ही पाहिलेच होते. सकाळी पाहिलेली बाग आणि दुपारी पाहिलेली ही जागा यांचा परस्परांशी असलेला संबंध मला येथे कळला. दोन्ही ठिकाणची शांतता आपोआप आलेली नाही. कोणीतरी रोज सकाळी ती करतो. त्याचे नाव कोठे नसते आणि त्याच्या पगाराची तरतूद कोणीतरी आधी करून ठेवलेली असते.

परतीच्या प्रवासात लोणावळ्याला सूर्यास्तापूर्वी जेवण झाले. तेव्हा बोलणे साहजिकच आपल्या न्यासांकडे वळले, कारण आमच्यापैकी तिघे-चौघे निरनिराळ्या संघांचे हिशेब पाहतात. सर्वांचा अनुभव एकच. नवी इमारत, नवा उपाश्रय, नवे सभागृह यांसाठी निधी कमी पडत नाही. संगमरवरी पाटीवर नाव कोणत्या क्रमाने यावे, यावर चर्चा होते आणि रक्कम उभी राहते. साधारण खात्यात मात्र दरवर्षी तूट असते. पाणी, वीज, झाडलोट, पहारेकऱ्याचा आणि पाठशाळेच्या शिक्षिकेचा पगार या खात्यातून द्यावा लागतो. देवद्रव्य तिकडे वळवता येत नाही आणि वळवू नयेच. मग वर्षअखेरीस दोन-चार घरी फोन करून तूट भरून काढली जाते.

कायमी तिथीचेही असेच झाले आहे. १९८५ साली कोणी आईच्या स्मरणार्थ १,००१ रुपये कायमी तिथीला दिले असतील. उदाहरणादाखल १० टक्के व्याज धरले तर वर्षाला १०० रुपये येत. त्या काळी त्या दिवसाच्या आयंबिलाच्या खर्चाला त्यातून चांगला हातभार लागे. आज साडेसहा टक्के धरले तर ६५ रुपये येतात आणि त्यात एका माणसाचे पानही होत नाही. पाटीवर नाव आहे, तारखेला नाव वाचलेही जाते. खर्च मात्र त्या नावाने होत नाही, तो दुसराच कोणीतरी सोसतो. देणाऱ्याची भावना खरी होती, यात शंका नाही. रुपयाची किंमत घसरत जाते, एवढी एक गोष्ट योजनेत धरलेली नव्हती.

यावर उपाय अवघड नाही. ज्या घरांनी पूर्वी कायमी तिथी लिहवली आहे, त्यांच्या पुढच्या पिढीने दर दहा वर्षांनी त्या रकमेत भर घालावी. न्यासांनी व्याजाचा काही अंश मूळ निधीत जमा करण्याची प्रथा ठेवावी. नवी वास्तू उभारताना बांधकामाच्या रकमेबरोबरच पुढील निगराणीचा वेगळा निधी आधी गोळा करावा आणि तो जमल्याखेरीज पायाभरणी करू नये. बँकेत कारखान्याला कर्ज देताना आम्ही यंत्रसामग्रीची किंमत पाहत असू, त्याबरोबर खेळते भांडवलही पाहत असू. यंत्र आले आणि ते चालवायला पैसा नसला, तर कर्ज बुडालेच म्हणून समजावे. धर्मकार्यालाही खेळते भांडवल लागते.

मागाहून सुख घ्यावे, या वचनाचा अर्थ मी आता असा लावतो. आपण जे सुख आज भोगतो, त्याचा खर्च कोणीतरी आपल्या आधी केलेला आहे. जळालेली बाग जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी करणाऱ्यांनी तो केला, गोदीच्या आगीत पाय रोवून उभ्या राहिलेल्या जवानांनी केला, सर्वांची पाने झाल्यावर जेवायला बसणाऱ्या मातांनी केला. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याजवळ नाहीत. पुढे येणाऱ्यांसाठी आपणही काही खर्च आधी करून ठेवावा आणि त्यावर आपले नाव नसले तरी चालेल, इतके मन मोठे करावे.

आमच्या त्या स्नेह्यांनी दोन गोष्टी केल्या. गावाकडील वृद्ध चुलत्यांना फोन करून वखारीतील हमालाच्या नावाची चौकशी केली. चुलत्यांना नाव आठवले नाही, गाव तेवढे आठवले. त्या गावच्या पांजरापोळाला त्यांनी दरवर्षीच्या चाऱ्यासाठी रक्कम लावून दिली आणि पावती कोणाच्याही स्मरणार्थ न लिहिता नुसती ‘चारा खाते’ म्हणून घेतली.

आपल्या घरी लग्न, जन्म, दुकानाचा मुहूर्त असे आनंदाचे प्रसंग येत राहतील आणि प्रत्येक प्रसंगी काही रक्कम धर्मकार्यासाठी काढली जाईल. या वेळी ती देण्यापूर्वी आपल्या संघाच्या खजिनदारांना एकच प्रश्न विचारून पाहावा : यंदा साधारण खात्यात किती कमी पडले?